दिवस कसा गेला कळलेच नाही: धावपळीत साध्या क्षणांचा आस्वाद आणि आपले आरोग्य

"दिवस कसा जातो ते कळतच नाही, डॉक्टर." दवाखान्यात हे वाक्य जवळजवळ रोज ऐकू येते. हिंजवडीला नोकरीला जाणारा तरुण ते म्हणतो, दोन मुलांचे डबे करून बँकेत जाणारी आई म्हणते आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंची सेवा करणारी सूनही म्हणते. बहुतेक वेळा ही तक्रार म्हणून सांगितलेली नसते. रक्तदाब, अ‍ॅसिडिटी किंवा झोप न येणे अशा मूळ तक्रारीबरोबर ती सहज बोलून जातात. पण ती ऐकण्यासारखी असते.

सकाळी चहा घेतला, पण त्याची चव आठवत नाही. जेवण झाले, पण काय खाल्ले ते सांगताना विचार करावा लागतो. इतकेच काय, रक्तदाबाची गोळी घेतली की राहिली, हेही नक्की आठवत नाही. शरीर एका ठिकाणी आणि मन दुसऱ्याच ठिकाणी असले की असे होते. रोजच्या साध्या क्षणांकडे पुन्हा लक्ष कसे द्यावे, त्याचा आरोग्याला किती उपयोग होतो, किती होत नाही आणि कोणत्या परिस्थितीत डॉक्टरांकडे जावे, याची माहिती या लेखात आहे.

आस्वाद घेणे म्हणजे नेमके काय?

एखादी चांगली गोष्ट घडत असताना ती घडते आहे हे जाणवणे आणि त्या जाणिवेत काही क्षण राहणे, याला मानसशास्त्रात 'सेव्हरिंग' म्हणतात. मराठीत आपण त्याला 'आस्वाद घेणे' म्हणू शकतो. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ फ्रेड ब्रायंट आणि जोसेफ व्हेरॉफ यांनी या विषयावर बरीच वर्षे काम केले आणि २००७ मध्ये त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांच्या मांडणीनुसार आस्वाद तीन प्रकारे घेता येतो:

- येणाऱ्या गोष्टीचा: रविवारी बहीण येणार आहे, या विचाराने शुक्रवारपासूनच बरे वाटणे.
- चालू क्षणाचा: गरम वरणभातावर सोडलेल्या तुपाचा वास जाणवणे.
- होऊन गेलेल्या गोष्टीचा: जुना फोटो पाहून त्या दिवसाबद्दल घरच्यांशी बोलणे.

यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही, हे आधी लक्षात घ्या. चहा तुम्ही पिणारच आहात, जेवणारही आहात आणि जिना उतरणारच आहात. त्या वेळी लक्ष कुठे आहे, एवढाच फरक आहे. म्हणून "मला वेळच नाही" असे म्हणणाऱ्यांनाही हे जमू शकते.

मन इतके का भटकते?

मन भटकणे हा आजार नाही. उद्याची तयारी करणे आणि कालच्या चुका तपासणे हे मेंदूचे कामच आहे. अडचण प्रमाणाची आहे. हार्वर्ड विद्यापीठातील मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनिएल गिल्बर्ट यांनी २०१० मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. मोबाइलवरील अ‍ॅपच्या साहाय्याने २,२५० प्रौढांना दिवसभरात अधूनमधून विचारले गेले: आत्ता काय करता आहात, मन त्याच कामात आहे का आणि कसे वाटते आहे? सुमारे ४७ टक्के वेळा लोकांचे मन हातातल्या कामात नव्हते. मन भटकत असताना लोक एकंदरीत कमी आनंदी होते. काम कोणते आहे, यापेक्षा मन त्यात आहे की नाही, यावरून त्यांच्या आनंदाचा अंदाज जास्त चांगला लागत होता. यात सहभागी झालेले बहुतेक लोक अमेरिकेतील होते. त्यामुळे हाच आकडा आपल्याकडे जसाच्या तसा लागू करता येणार नाही. अनुभव मात्र आपल्यालाही ओळखीचा वाटेल.

दुसरे कारण म्हणजे सवय. जी गोष्ट रोज मिळते, तिची दखल घेणे मेंदू कमी करतो. नव्या घराच्या खिडकीतून दिसणारे झाड पहिल्या आठवड्यात रोज पाहिले जाते. वर्षभराने त्याला बहर आला तरी दिसत नाही. वाईट किंवा धोक्याच्या गोष्टीकडे मात्र मेंदू लगेच वळतो. म्हणून दिवसभरात दहा गोष्टी सुरळीत झाल्या आणि साहेब एकदा रागावले, तर रात्री आठवण साहेबांचीच येते.

तिसरे कारण आपल्या शहराचेही आहे. 'टॉमटॉम' या कंपनीच्या २०२४ च्या वाहतूक अहवालात पुण्यात १० किलोमीटर अंतर कापायला सरासरी ३३ मिनिटांहून अधिक वेळ लागतो, असे दिसले. जगातील सर्वांत संथ वाहतुकीच्या शहरांत पुण्याचा क्रमांक वरचा होता. रोजचा तास-दीड तास असा गेला की उरलेल्या वेळेतले सगळे काम घाईत होते. घाई अंगवळणी पडते आणि मग रविवारी वेळ असूनही मन पळतच राहते.

शरीरात काय घडते?

घाई, चिंता किंवा राग असताना शरीराची 'लढा किंवा पळा' यंत्रणा जागी होते. अ‍ॅड्रेनलिन आणि कॉर्टिसोल ही संप्रेरके वाढतात, नाडी जलद होते, रक्तदाब वाढतो आणि स्नायू ताठरतात. खरा धोका असेल तेव्हा हे गरजेचेच असते. मात्र दिवसभर छोट्या छोट्या कारणांनी ही यंत्रणा चालू राहिली तर थकवा, डोकेदुखी, मानदुखी, अपचन आणि झोपेच्या तक्रारी वाढू शकतात.

याच्या उलट काम करणारी, शरीराला विश्रांतीकडे नेणारी यंत्रणाही आपल्यात असते. तिच्यातील मुख्य मज्जातंतूचे नाव 'व्हेगस'. सावकाश श्वास सोडताना या मज्जातंतूचा हृदयावरील परिणाम वाढतो आणि नाडी किंचित मंदावते. प्रौढ व्यक्ती विश्रांतीत मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेते. जाणीवपूर्वक मिनिटाला सहाच्या आसपास श्वास घेतले तर अनेकांना काही मिनिटांतच शांत वाटू लागते.

आपल्या पुणे जिल्ह्यात या विषयाच्या अभ्यासाची जुनी परंपरा आहे. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम ही संस्था सुरू केली. योगातील श्वसनक्रियांचा शरीरावर काय परिणाम होतो, हे प्रयोगशाळेत मोजून पाहण्याचे काम तिथे सुरू झाले आणि 'योगमीमांसा' या नियतकालिकातून ते प्रसिद्धही होऊ लागले. अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात दीर्घकाळ वेदना व ताण सहन करणाऱ्या रुग्णांसाठी सजगतेचा कार्यक्रम सुरू केला. आठ आठवड्यांचा हा कार्यक्रम आज अनेक देशांतील रुग्णालयांत वापरला जातो. त्यातला एक प्रसिद्ध सराव आहे एक बेदाणा अगदी सावकाश खाण्याचा.

याचा उपयोग काय, आणि मर्यादा काय?

उपलब्ध अभ्यासांवरून खालील फायदे संभवतात:

- मन:स्थिती सुधारते. ब्रायंट यांच्या एका प्रयोगात काही जणांना आठवडाभर रोज २० मिनिटे चालताना आजूबाजूच्या चांगल्या गोष्टींकडे मुद्दाम लक्ष द्यायला सांगितले होते. नेहमीसारखे चालणाऱ्यांपेक्षा त्यांचा आनंद अधिक वाढलेला आढळला.
- आयुष्याकडे पाहण्याची दृष्टी बदलते. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलो यांच्या २००३ च्या अभ्यासात काहींनी दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, कृतज्ञता वाटलेल्या पाचपर्यंत गोष्टी लिहिल्या. त्रासाच्या गोष्टी लिहिणाऱ्यांपेक्षा त्यांना आपल्या आयुष्याबद्दल अधिक समाधान वाटले.
- सावकाश जेवल्याने पोट भरल्याची जाणीव वेळेवर होते. ही जाणीव मेंदूपर्यंत नीट पोहोचायला साधारण १५ ते २० मिनिटे लागतात. पाच मिनिटांत ताट संपवणारा माणूस त्याआधीच जास्त खाऊन बसतो. मधुमेह आणि वजन वाढलेल्या रुग्णांनी हे विशेष लक्षात घ्यावे.

आता मर्यादा. आस्वाद घेण्याने मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा थायरॉइडचा विकार बरा होत नाही. शांत वाटू लागले म्हणून गोळ्या स्वत:हून कमी किंवा बंद करू नका. तसेच "घाई केली म्हणूनच तुम्हाला हार्ट अटॅक आला" असे रुग्णाला सुनावणेही योग्य नाही. १९५० च्या दशकात मेयर फ्रीडमन आणि रे रोझेनमन या हृदयरोगतज्ज्ञांनी सतत घाईत असणाऱ्या, चुरशीच्या स्वभावाचा हृदयविकाराशी संबंध मांडला होता. पुढच्या संशोधनात हा संबंध तितका ठाम राहिला नाही. निव्वळ घाईपेक्षा सततचा राग आणि वैरभाव हृदयाला अधिक घातक असल्याचे संकेत मिळाले. धूम्रपान, रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल यांकडे लक्ष देणे अजूनही सर्वांत महत्त्वाचे आहे.

सुरुवात कशी करावी?

सगळे एकदम करू नका. खालीलपैकी एकच गोष्ट निवडा आणि दोन आठवडे करून पाहा.

१. पहिल्या चहाचे तीन घोट. पूर्ण कप नाही, फक्त पहिले तीन घोट. मोबाइल पालथा ठेवा. कपाची ऊब, आल्याचा किंवा वेलदोड्याचा वास, जिभेवरची चव यांकडे लक्ष द्या. घरचा चहा असो की कोपऱ्यावरच्या अमृततुल्यचा, चालेल. मन भटकले तर पुढच्या घोटाला परत या.

२. जेवणाचे पहिले पाच घास. टीव्ही बंद ठेवून पाच घास सावकाश चावून खा. आमटीत आज चिंच आहे की आमसूल, हे ओळखता येते का पाहा. घरात लहान मुले असतील तर त्यांना हा खेळ आवडतो.

३. चालताना एक नवी गोष्ट. पुण्यात टेकडीवर जाण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्या आहे. वेताळ टेकडी, तळजाई किंवा पर्वतीवर रोज जाणाऱ्यांनी एक दिवस कानातले हेडफोन खिशात ठेवावेत. मोराची केका कुठून आली, कोणते झाड फुलले आहे, हे पाहावे. टेकडी शक्य नसेल तर सोसायटीभोवतीची फेरीही चालते. उन्हाळ्यात बहावा आणि गुलमोहर फुललेले दिसतील, तर पावसाळा संपल्यावर बुचाच्या फुलांचा वास येईल. रोज एकच नवी गोष्ट शोधायची.

४. लाल सिग्नल. आकडे उलटे मोजत चडफडण्याऐवजी खांदे सैल सोडा आणि दोन-तीन श्वास सावकाश सोडा. वाहन चालवताना डोळे मिटू नका आणि लक्ष रस्त्यावरच ठेवा. बस किंवा मेट्रोतून जात असाल तर हाच सराव थोडा जास्त वेळ करता येईल.

५. गोळी घेताना. गोळी हातात घेतली की मनात किंवा हळू आवाजात म्हणा, "सोमवार सकाळ, रक्तदाबाची गोळी घेतली." लक्ष देण्याचा सराव होतो आणि गोळी चुकणे किंवा चुकून दोनदा घेणेही टळते. वार लिहिलेली गोळ्यांची डबी वापरली तर अधिक चांगले.

६. झोपण्यापूर्वी एक आठवण. आज बरी गेलेली एक लहानशी गोष्ट घरच्यांना सांगा किंवा वहीत लिहा. "सगळे छान होते" असे नको. "शेजारच्या काकूंनी आळूवडी आणून दिली" असे नेमके लिहा. रोज लिहून कंटाळा येत असेल तर आठवड्यातून एकदा लिहा.

आजारी व्यक्ती आणि तिची काळजी घेणारे

दीर्घ आजारात दिवस औषधे, तपासण्या आणि दवाखान्याच्या फेऱ्यांत विभागला जातो. अशा वेळी रुग्णाला "आनंदी राहा", "चांगला विचार करा" असे सांगितले की त्याला आपले दुखणे कोणी समजून घेत नाही असे वाटते. उपदेशाऐवजी प्रत्यक्ष अनुभवाची लहान संधी द्या: खाट खिडकीजवळ सरकवा, आवडती भावगीते लावा, तळहाताला कोमट तेल चोळा, अंगणातले मोगऱ्याचे फूल उशाशी ठेवा. मग "बरे वाटले ना?" असे वदवून घेऊ नका. "आई, वास येतो आहे का?" एवढेच विचारा आणि उत्तर काहीही आले तरी ते मान्य करा.

केमोथेरपी, काही औषधे, सर्दी किंवा वाढते वय यांमुळे चव आणि वास कमी होऊ शकतो. अशा वेळी "मन लावून जेव" असा आग्रह निरुपयोगी ठरतो. पदार्थाचा रंग, स्पर्श, थंड-गरमपणा आणि सोबत यांवर भर द्या आणि ही तक्रार डॉक्टरांनाही सांगा.

काळजी घेणाऱ्यांबद्दलही बोलायला हवे. "ते एवढे आजारी आणि मी इथे गॅलरीत बसून चहा पिते," अशी अपराधी भावना अनेक जणींना छळते. दहा मिनिटे स्वत:साठी घेतल्याने सेवेत कमतरता येत नाही. मात्र एका गोष्टीबद्दल घरातल्या इतरांनी प्रामाणिक राहावे. चोवीस तास एकटीवर भार टाकून तिला "क्षणाचा आनंद घे" म्हणणे अन्याय आहे. तिला आस्वादाच्या सल्ल्याआधी मदत लागते. आठवड्यातून ठरावीक दोन वेळा दुसऱ्याने जबाबदारी घेतली, तर पुढचे सगळे सोपे होते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

डोळे मिटून शांत बसले की जास्तच घाबरल्यासारखे होते. मी काय करू?
काहींना, विशेषत: पॅनिक अटॅकचा किंवा मोठ्या आघाताचा अनुभव असलेल्यांना असे होते. त्यात तुमची चूक नाही. डोळे उघडे ठेवा, श्वासाऐवजी आजूबाजूच्या वस्तू, आवाज किंवा पायाखालची जमीन यांकडे लक्ष द्या आणि चालता चालता सराव करा. तरी त्रास होत असेल तर सराव थांबवून मानसोपचारतज्ज्ञांशी बोला.

घरात दु:खद घटना घडली आहे. अशा वेळी आस्वाद घेणे बरे दिसते का?
दु:ख आणि एखाद्या क्षणाचे समाधान एकाच दिवशी असू शकतात. नातवाच्या बोलण्यावर हसू आले म्हणून गेलेल्या माणसावरचे प्रेम कमी होत नाही. पण स्वत:वर जबरदस्तीही करू नका. रडू आले तर रडा.

किती दिवसांत फरक पडतो?
प्रत्येकाचे वेगळे असते. दोन ते चार आठवडे नियमित करून पाहा. विसरलात तर दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करा. याची स्पर्धा किंवा नोंदींचे ओझे करू नका.

थांबूनही काहीच बरे वाटत नसेल तर?

या लेखातला हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. आवडीच्या गोष्टींतून आनंद मिळणे बंद होणे हे नैराश्याच्या आजाराचे एक मुख्य लक्षण आहे. पूर्वी गाण्याच्या मैफलीसाठी धडपडणारा माणूस आता घरात गाणे लावले तरी बंद करायला सांगतो, नातवंडे आली तरी आतल्या खोलीत पडून राहतो. त्याला घरचे "आळशी झालेत", "वयाने असे होते" म्हणतात. हा आळस नाही आणि वयाचा भागही समजू नये.

स्वत:ला किंवा घरच्या माणसाला दोन प्रश्न विचारा. गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस:

- कोणत्याही गोष्टीत रस किंवा आनंद वाटेनासा झाला आहे का?
- उदास, खिन्न किंवा निराश वाटते आहे का?

यांपैकी एकाचेही उत्तर 'हो' असेल तर डॉक्टरांना भेटा. आधी आपल्या फॅमिली डॉक्टरांकडे गेलात तरी चालेल. थायरॉइडचे कमी काम, रक्तक्षय, ब १२ जीवनसत्त्वाची कमतरता (शाकाहारी व्यक्तींत ती बऱ्याचदा आढळते), झोपेत श्वास अडखळणे आणि काही औषधे यांमुळेही थकवा व निरुत्साह येतो. साध्या तपासण्यांतून यांतील बरीच कारणे कळतात. नैराश्य असेल तर समुपदेशन आणि औषधे यांनी बहुतेकांना चांगला उपयोग होतो.

पुढीलपैकी काही असेल तर वाट पाहू नका:

- जगणे नकोसे वाटणे, आत्महत्येचे विचार किंवा तसे बोलणे
- खाणे-पिणे जवळजवळ बंद होणे
- अनेक रात्री झोप न लागणे आणि खूप अस्वस्थता
- दारूचे प्रमाण अचानक वाढणे
- बाळंतपणानंतर आईला बाळाबद्दल काहीच न वाटणे किंवा भीतिदायक विचार येणे

अशा व्यक्तीला एकटे सोडू नका. केंद्र सरकारच्या 'टेली मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक नि:शुल्क आहे. तो चोवीस तास चालू असतो आणि त्यावर मराठीतही बोलता येते. जिवाला तातडीचा धोका असेल तर ११२ किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८ वर फोन करा किंवा जवळच्या रुग्णालयात न्या.

लक्षात ठेवा

- आस्वादासाठी जास्तीचा वेळ लागत नाही. चालू असलेल्या कामाकडे लक्ष लागते.
- एकच लहान सवय निवडा: तीन घोट, पाच घास किंवा चालताना एक नवी गोष्ट.
- हा औषधांना पर्याय नाही. गोळ्या आणि तपासण्या चालू ठेवा.
- आजारी माणसाला आनंदी राहण्याचा उपदेश करू नका. काळजी घेणाऱ्याला आधी प्रत्यक्ष मदत द्या.
- दोन आठवडे कशातच रस वाटत नसेल तर स्वत:ला दोष न देता डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगा. "डॉक्टर, मला कशातच गोडी वाटत नाही," एवढे वाक्य पुरेसे आहे.

*हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या तब्येतीविषयी निर्णय घेण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.*